आख्यान नसलेलं सोंग

पूर्वा ही माझ्या नणंदेची मुलगी. पिट्सबर्गला नोकरी करते. गणपतीला कुडाळला आली आणि तिने मोबाइलवरचे फोटो दाखवायला काढले, तेव्हापासून तिचं आणि तिच्या मामाचं जे सुरू झालं ते विसर्जनापर्यंत चाललं. फोटो होते अँथ्रोकॉनचे. दोन पायांवर चालणारे, बोलणारे, माणसासारखे वागणारे प्राणी ज्यांना चित्रांत आणि गोष्टींत आवडतात, काहींना तर स्वतःच्या अंगावर घालायलाही आवडतात, अशा लोकांना फरी म्हणतात. त्यांचं हे दरवर्षीचं मोठं संमेलन. आमच्या यांनी तरुणपणी हौशी दशावतारात, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, कामं केलेली, त्यामुळे सोंगाबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. मी शिवणाचे क्लास घ्यायचे. दोघांचं बोलणं आठवतं तसं देते आहे. जिथे राहवलं नाही तिथे कंसात मीही बोलले आहे.

मामा : हा कोण गो?

पूर्वा : माझ्या ऑफिसातला. शेजारच्या टेबलावर बसतो.

मामा : मला तरस दिसतंय. तेही गुलाबी कानांचं.

पूर्वा : तोच. आत तो आहे.

मामा : माणूस सोंग घेतो ते राजाचं, देवाचं, गेला बाजार राक्षसाचं. आपणहून तरस झालेला मी पहिल्यांदाच बघतोय.

पूर्वा : मी विचारलं त्याला. म्हणाला, तरसाबद्दल कधीच कुणी बरं बोलत नाही, म्हणून. बाकी तिथे लांडगे, कोल्हे, कुत्रे, वाघ-बिबटे यांचीच गर्दी. ड्रॅगनही पुष्कळ. दोन प्राणी मिसळून तिसराच केलेलेही असतात.

मामा : आणि तू कोण झालीस?

पूर्वा : मी सूट घातला नव्हता. गळ्यात बॅज होता, त्यावर मीच काढलेलं चित्र. कांडेचोर.

(यावर हे इतके हसले की हातातला चहा सांडला. आमच्या जुन्या घराच्या कौलांवर रात्री कांडेचोर धावायचा, तेव्हा सुटीत आलेली पूर्वा माझा पदर मुठीत धरून झोपायची.)

मामा : ओळखला कुणी?

पूर्वा : एकानेही नाही. कुणी रॅकून म्हणालं, कुणी मुंगूस. मग सांगत बसायचं, की हा आमच्या कोकणातला, फळं खातो, माडावर बांधलेल्या मडक्यातली माडी पितो, रात्री छपरावर दंगा करतो. आणि लोक मन लावून ऐकायचे, मामा. 'हा कोण?' हा तिथला पहिला प्रश्न. नोकरी काय करतेस, कुठल्या देशातून आलीस, हे नंतर. कित्येकांनी ते विचारलंच नाही.

मामा : म्हणजे तीन दिवस तू अमेरिकनांना कांडेचोर समजावलास. हे तिकीट काढून?

पूर्वा : तिकीट काढून. गुरुवारीच लोक यायला लागतात, शुक्रवार ते रविवार मुख्य कार्यक्रम. जून संपताना किंवा जुलै लागल्यावर असतं. अ‍ॅलेघेनी नदीच्या काठावर डेव्हिड लॉरेन्स कन्व्हेन्शन सेंटर आहे, राफाएल विन्योली नावाच्या वास्तुरचनाकाराचं. त्याचं छप्पर शहरातल्या पुलांसारखं लोंबतं ठेवलंय. त्या सगळ्या इमारतीत हेच. सकाळपासून वर्ग : शेपटी कशी शिवायची, प्राण्याचा पाय चित्रात कसा काढायचा, गोष्ट कशी लिहायची. खाली एक प्रचंड दालन, तिथे चित्रकार आणि सूट शिवणारे टेबलं मांडून बसतात. रात्री नाच. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकरता निधीही जमवतात. आणि सगळ्यांना एक नियम शिकवतात : रोज निदान सहा तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ.

मामा : आंघोळीचा नियम करावा लागतो?

पूर्वा : हजारो पोरं घरापासून लांब, हॉटेलात खोली वाटून राहणारी. करावा लागतो.

मामा : सगळे असे केसाळ पोशाखात?

पूर्वा : तिथेच सगळ्यांची समजूत चुकते. तू बँकेत होतास, हिशेब तूच कर. 2024 साली सतरा हजारांवर लोक आले होते. शनिवारी पोशाखवाल्यांची शोभायात्रा निघते, त्यात दोन हजारांवर असतात. अगदी तीन हजार धरलेस तरी बाकीचे माझ्यासारखेच. साध्या कपड्यांत, फार तर एक शेपटी किंवा कान लावलेले. पूर्ण फरसूट परवडत नाही, आणि घालवतही नाही.

(सूट हा शब्द निघाल्यावर मी मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही. हे दोघं तत्त्वज्ञानाकडे वळायच्या बेतात होते. मला शिवण बघायची होती.

माप घेण्याची त्यांची पद्धत मी कुठे ऐकली नव्हती. गिऱ्हाईक टेक्सासात आणि शिवणारी बाई ओरेगॉनमध्ये असली तर टेप लावणार कोण? म्हणून गिऱ्हाइकाने नको असलेले जुने कपडे अंगावर चढवायचे, आणि मित्राने त्यावरून मानेपासून घोट्यापर्यंत रुंद चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. मग पाठीवरून कापून त्या कवचातून बाहेर यायचं. कवचावर सांधे, कंबर, ठिपके कुठे हवेत ते पेनने आखायचं आणि टपालाने पाठवून द्यायचं. बाई ते उलगडून तुकडे करते, तेच तिचे कागदी पॅटर्न. मी इतकी वर्षं छाती-कंबर-उंची लिहून घेतली, पण माणसाचा आख्खा साचा हातात आला असता तर किती ब्लाउज उसवायचे वाचले असते!

कृत्रिम फर कापायची ती वरून कात्रीने नाही. वरून कापली की लव तुटते आणि शिवणीच्या जागी टक्कल दिसतं. कापड उलटं करून ब्लेडने फक्त पाठीचा पातळ पदर कापायचा, लव आपोआप सुटी होते. लवेची दिशा सगळ्या तुकड्यांत एक हवी; एक तुकडा उलटा लागला तर उजेडात तो वेगळ्या रंगाचा दिसतो. शिवल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईने एकेक बाहेर ओढायचे. चेहऱ्यावरची लव कुत्र्यांचे केस कापायच्या यंत्राने कमी-जास्त भादरायची, म्हणजे गाल भरलेले आणि नाक सडपातळ दिसतं. डोकं आतून फोमचं, कात्रीने कोरलेलं. हल्ली काहीजण साचा थ्रीडी प्रिंटरवर काढतात. डोळ्यांची बुब्बुळं जरा आत बसवतात, त्यामुळे तुम्ही कुठूनही बघा, प्राणी तुमच्याकडेच बघतोय असं वाटतं. आतला माणूस बघतो ते रंगवलेल्या जाळीतून. मांड्यांना गाद्या भरून पायाला मागे वळल्याचा आभास देतात, कुत्र्या-लांडग्यांचा पाय असतो तसा. हे काम मला कबूल आहे. पुढचा वाद कुणीही जिंको.)

मामा : झालं तुमचं? या पूर्ण पोशाखाला पडतात किती?

पूर्वा : चांगल्या हाताचा असेल तर तीन हजार डॉलर, पुढे कितीही. आणि नावाजलेल्या शिवणाऱ्यांकडे नंबर लावून थांबावं लागतं.

मामा : अडीच लाखांच्या वर! अगो, एवढ्यात आमच्या कंपनीचा आख्खा पेटारा होईल. मुकुट, शेले, तलवारी, पेटी, पखवाज, सगळं.

पूर्वा : पण पैसे जातात कुणाला? एखाद्या बाईला, जी आपल्या गॅरेजमध्ये बसून शिवते. एखाद्या चित्रकाराला, जो माझ्या वयाचा आहे आणि दुसऱ्यांच्या पात्रांची चित्रं काढूनच घरभाडं भरतो. त्या दालनात मी लोकांना रांगा लावून चित्रांचे पैसे देताना पाहिलं. आगाऊ देताना. आपल्याकडे चित्रकाराला काय म्हणतात? 'जरा पटकन काढून दे ना.'

मामा : हे मान्य. बरं, हा तुझा तरस ते घालून करतो काय?

पूर्वा : फिरतो. बोलत नाही, पुष्कळजण सूटमध्ये मुद्दाम बोलत नाहीत. हातवारे, मान, चाल यांवर सगळं. मी त्याची हँडलर होते.

मामा : म्हणजे राखण.

पूर्वा : राखणच. त्याला पायाखालचं दिसत नाही, बाजूचं दिसत नाही. जिना आला की सांगायचं, लहान मूल गुडघ्याशी आलं की सांगायचं, मागून कुणी शेपटी ओढायला आलं तर अडवायचं. नळी घातलेली पाण्याची बाटली माझ्याकडे. अर्ध्या-पाऊण तासाने त्याला हेडलेस लाउंजमध्ये न्यायचं. ती सूटवाल्यांसाठीच राखलेली खोली. आत भलेमोठे पंखे, पाणी, आणि डोकी वाळत ठेवायला स्टँड. तिथे फोटो काढायला बंदी. आत गेल्यावर सगळे मुंडकी उतरवतात. खाली घामाने निथळणारी, डोक्याला फडकी बांधलेली साधी माणसं. एक ड्रॅगन निघाला साठीच्या पुढचा गृहस्थ. एक ससा निघाला दाढीवाला, चांगला सहा फुटांचा.

मामा : आमच्याकडे रंगपटात हेच. राणी विडी ओढत बसलेली असायची.

पूर्वा : बघ!

मामा : थांब, इतक्यात खूश होऊ नकोस. माझा आक्षेप पोशाखाला नाहीच. तरसालाही नाही. माझं म्हणणं असं आहे की हे नाटक नसलेलं सोंग आहे. आमचा संकासुर बघ. काळा पोशाख, काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. नुसता तेवढा येऊन उभा राहिला असता तर पोरांनी दोन मिनिटं बघितलं असतं आणि खाज्याच्या दुकानावर गेली असती. पण तो वेद चोरतो, विष्णूशी हुज्जत घालतो, मालवणीत आख्ख्या गावाची फिरकी घेतो आणि शेवटी मार खाऊन मरतो. हे सगळं केल्यावर तो संकासुर होतो. तुझ्या या तरसाने काय चोरलं? कुणाशी भांडला? नाव आहे, रंग आहे, कानाचा गुलाबी आहे. याला मी पात्र म्हणणार नाही. कपाटातला पोशाख म्हणेन.

पूर्वा : दशावतारात तरी संहिता कुठे असते? आयत्या वेळी बोलता ना तुम्ही?

मामा : संहिता नसते, कथा असते. आख्यान म्हणतो आम्ही तिला. रंगमंचावरच्या बाकड्यावर कोण आधी बसणार आणि कुणी उठवल्यावर उठणार, हे ठरलेलं असतं. आणि कथा आमच्या मालकीची नसते, म्हणून ती आम्हाला वाकवते. हवं तसं वागता येत नाही. भीमाचं काम मिळालं तर रडका माणूससुद्धा त्या रात्री भीम होतो, व्हावंच लागतं. हा तुझा पोरगा स्वतःच लिहिणार, स्वतःच घालणार, स्वतःच ठरवणार की तरस प्रेमळ आहे. त्याला नाही म्हणणारं कुणी आहे का तिथे?

पूर्वा : नाही. आणि मला आवडलं ते तेच. सुपरहीरोंचं संमेलन असतं तिथे तू स्पायडरमॅन होऊन गेलास तर स्पायडरमॅन कंपनीचा. त्याने काय करायचं ते कंपनी ठरवते, तू नुसता भक्त. इथे कंपनी नाही, एखादा सिनेमा नाही, नट नाही. 1980 साली बोस्टनच्या विज्ञानकथा संमेलनात स्टीव्ह गॅलाची नावाच्या चित्रकाराच्या एका चित्रावरून काही लोकांत चर्चा जमली, मग दरवर्षी कुणाच्या तरी हॉटेलच्या खोलीत ती मंडळी भेटत राहिली. 1989 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला पहिलं स्वतंत्र संमेलन भरलं, पासष्ट माणसांचं. तिथून इथवर हे वाढलं ते कुणी जाहिरात केली म्हणून नव्हे. डिस्नेचा कोल्हा रॉबिन हूड बघून पुष्कळांना नाद लागला, पण तिथे रॉबिन हूड होऊन कुणी येत नाही. प्रत्येकजण आपला प्राणी घेऊन येतो. त्यामुळे सतरा हजार लोक आले की सतरा हजार पात्रं येतात, आणि बघणारेही तेच.

मामा : सतरा हजार नायक आणि एकही खलनायक नाही. पहाट कशी होणार?

पूर्वा : ऐक. दुसऱ्या दिवशी दारावर एक सुरक्षारक्षक होता, चांगला आडदांड, कंटाळलेला. तरस त्याच्यासमोर गेला आणि त्याची टोपी बघत उभा राहिला. नुसता बघत. रक्षकाने टोपी घट्ट केली. तरस लाजला, निघून गेला, खांबामागून डोकावला. रक्षकाने बोट दाखवून दटावलं. तरसाने खिशातून काहीतरी काढून लाच द्यायचा अभिनय केला, त्याला खिसाच नाही. भोवती पन्नास माणसं जमली. शेवटी रक्षकाने आपणच टोपी काढून तरसाच्या डोक्यावर ठेवली. दोन कानांमध्ये ती बसेना! हे आख्यान नव्हे?

मामा : प्रवेश चांगला आहे. पुढे?

पूर्वा : पुढे रक्षकाची ड्यूटी संपली.

मामा : हेच म्हणतोय मी.

(मला वाटतं इथे हे जरा अडेलपणा करत होते. रक्षकाची गोष्ट ऐकताना त्यांनी नकळत स्वतःची मान तिरकी केली होती, तरस खांबामागून डोकावल्यासारखी. पण मुद्दा त्यांचा खोटा नाही. पूर्वाने दाखवलेल्या फोटोंपैकी निम्म्यांत तरी सगळे नुसते कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवत उभे आहेत.)

मामा : आता एक स्पष्ट विचारतो. तुझ्या आईला सांगणार नाही. याच्याबद्दल काहीबाही ऐकायला येतं ते?

पूर्वा : त्यातलं काही खरं आहे. प्रौढांसाठीची चित्रं असतात, ती वेगळी ठेवलेली, ओळखपत्र बघून दाखवतात. सगळी संमेलनं सभ्य होतात असंही नाही. सिएटलजवळ रेनफरेस्ट नावाचं होतं, 2015 ला तिथे हॉटेलची इतकी नासधूस झाली की पुढच्या वर्षी ते भरलंच नाही, बंद पडलं. डेन्व्हरचं एक 2017 मध्ये धमक्या आणि आतल्या भांडणांपायी गेलं. मी काही हे संतांचं संमेलन म्हणून विकत नाहीये.

मामा : बरं झालं सांगितलंस.

पूर्वा : पण लोकांना माहीत झालेलं चित्र कुठून आलं? 2003 साली सीएसआय या गुन्हेमालिकेत एक भाग झाला, त्यात फरी म्हणजे निव्वळ विकृती. तेच वर्षानुवर्षं चालत राहिलं. मग कॅथलीन गर्बासी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी संमेलनात जाऊन माणसांना खरोखर प्रश्न विचारले, 2008 मध्ये शोधनिबंध लिहिला. पुढे चार अभ्यासकांनी मिळून वर्षानुवर्षं पाहण्या केल्या. निघालं काय? बहुतेकजण विशी-पंचविशीतले. स्वतःला खरंच प्राणी समजणारे थोडे. ऑटिझम असलेल्यांचं प्रमाण बाहेरच्या जगापेक्षा जास्त. आणि बहुसंख्य लोक समलिंगी, उभयलिंगी, किंवा त्या रांगेतले कुणीतरी.

मामा : हं.

पूर्वा : हं काय?

मामा : काही नाही. बोल.

पूर्वा : हसणाऱ्यांचं सांगते. 2014 च्या डिसेंबरात शिकागोजवळ रोझमाँटला, मिडवेस्ट फरफेस्टमध्ये, मध्यरात्रीनंतर कुणीतरी जिन्यात क्लोरीनची पूड टाकली. हजारो लोकांना थंडीत बाहेर काढावं लागलं, एकोणीस जणांना इस्पितळात नेलं. मुद्दाम केलेलं कृत्य, असंच पोलीस म्हणाले. आणि टीव्हीवर बातमी वाचताना निवेदिकेला हसू आवरेना, ती कॅमेऱ्यासमोरून उठून पळाली. का, तर बाहेर पडलेल्यांनी कोल्ह्याचे कपडे घातले होते.

(यावर दोघंही थोडा वेळ गप्प होते.)

पूर्वा : आणि आता नवीन. शाळांमध्ये मांजर समजणाऱ्या मुलांसाठी शौचाचे वाळूचे डबे ठेवतात, अशी कंडी पिकली. नेब्रास्काच्या विधिमंडळात एका सदस्याने 2022 ला हे भर सभागृहात सांगितलं, आणि खोटं निघाल्यावर माफी मागितली. तरी 2025 मध्ये टेक्सासात एकाने शाळेत असं वागण्याविरुद्ध विधेयकच आणलं. डबा मात्र कुणाला सापडलेला नाही.

मामा : न सापडणाऱ्या गोष्टीवर कायदा करणं सोपं असतं. विरोध करायला कुणी येत नाही. पण पिट्सबर्गवाले यांना कसे काय घेतात? पोलादाचं शहर ना ते?

पूर्वा : तिथेच गंमत आहे. 2006 ला हे पहिल्यांदा तिथे आले, अडीच हजारांच्या आसपास लोक. सुटीचे दिवस, डाउनटाउन ओस. लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवर फर्नांडोज नावाचं छोटं कॅफे होतं. त्याच्या मालकाने यांना हसत आत घेतलं, पाण्याच्या बाटल्यांना नळ्या दिल्या, आणि कॅफेच्या नावात एक अक्षर बदलून संमेलनापुरतं 'फर्नांडो'चं 'फरनांडो' केलं. पुढे ते कॅफे डबघाईला आलं तेव्हा फरींनीच वर्गणी काढून त्याला हात दिला. आता तर दुकानं दारावर पंजे रंगवतात, शोभायात्रा बाहेर रस्त्यावर येते, आजूबाजूच्या वस्त्यांतले लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघायला येतात.

मामा : धंदा आहे शेवटी.

पूर्वा : आहेच की. जत्रेत खाजं विकणाराही भक्तीने येत नाही. पण 2016 मध्ये कॅनडात व्हँकूव्हरजवळ झालं ते धंद्याचं नव्हतं. सरकारने सीरियातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना ज्या हॉटेलात उतरवलं होतं, नेमकं तिथेच फरींचं संमेलन. आयोजकांनी घाबरून सगळ्यांना सूचना दिली, की या लोकांना आपण काय आहोत याची कल्पना नसेल, सांभाळून वागा. सकाळी मुलं खाली आली आणि सरळ लांडग्यांच्या गळ्यात पडली.

मामा : पोरांना आख्यान लागत नाही. हे मी मान्य करतो. पोरांचं ठीक आहे गो. पण तुझा हा मित्र तिशीतला. त्याला माणसांशी बोलायला तरसाचं मुंडकं का लागावं? स्वतःच्या तोंडाने का नाही?

पूर्वा : तो ऑफिसात दिवसभरात चार वाक्यं बोलतो, मामा. मीटिंगमध्ये त्याचा आवाज ऐकू येत नाही. त्या तीन दिवसांत मी त्याला अनोळखी माणसांच्या घोळक्यात मध्यभागी पाहिलं.

मामा : आणि सोमवारी?

पूर्वा : सोमवारी परत चार वाक्यं.

मामा : मग मिळालं काय त्याला? मुखवटा काढल्यावर काही उरत नसेल तर तो आधार आहे की सवय?

पूर्वा : तुला प्रत्येक गोष्टीतून काहीतरी उरायला का हवं? व्याज आहे का ते?

मामा : (बऱ्याच वेळाने) आमच्या कंपनीत एक होता स्त्रीपार्ट करणारा. नाव नको. तारामती करायचा. स्मशानातला प्रवेश त्याने लावला की बायका पदराने डोळे पुसायच्या. पहाटे नाटक सुटायचं, आम्ही एसटी स्टँडवर आलो की त्याच गावातली पोरं त्याला शिट्ट्या मारायची. त्याच्या चालण्यावरून.

पूर्वा : मग तो काय करायचा?

मामा : पुढच्या गावाला जायचा. तिथे रात्री परत तारामती.

पूर्वा : त्याला कुणी विचारलं, की नुसतं सोंग घेऊन काय मिळतं?

मामा : त्याच्याकडे आख्यान होतं गो. तो हरिश्चंद्राची राणी होता, म्हणून गाव गप्प बसायचं. आख्यान नसतं तर त्याला रात्रीसुद्धा कुणी उभं केलं नसतं.

पूर्वा : मी तेच म्हणतेय. या पोरांना उभं राहायला राणी व्हावं लागत नाही. कांडेचोर चालतो.

(यावर यांनी उत्तर दिलं नाही. म्हणून पूर्वा जिंकली असं मी लिहिणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर यांनी पुन्हा काढलंच, की सतरा हजार माणसं तीन दिवस एकत्र आणि एकही गोष्ट अशी नाही जी सगळ्यांनी मिळून बघितली, हे त्यांना काही केल्या रुचत नाही. शोभायात्रा आहे की, पूर्वा म्हणाली. शोभायात्रेत कुणी कुणाला मारत नाही, हे म्हणाले. मला विचाराल तर दोघांची भूक वेगळी आहे. यांना रात्रभर बसून बघायला काहीतरी हवं असतं. पूर्वाच्या पिढीला कुणीतरी आपल्याकडे बघून 'हा कोण?' असं विचारायला हवं असतं, आणि ते विचारणारं माणूस रोजच्या जगात त्यांना फारसं भेटत नसावं. माझा कौल थोडा तिच्या बाजूने झुकतो. त्यात शिवणकामाचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही.)

मामा : पुढच्या वर्षी आम्ही तिकडे आलो तर नेशील?

पूर्वा : बॅज काढू? तू काय होणार?

मामा : मी काही होणार नाही. फुटपाथवर खुर्ची टाकून बघीन.

ज्यांची मुलं-सुना पिट्सबर्गच्या बाजूला आहेत त्यांच्यासाठी, पूर्वाला विचारून लिहून घेतलेलं : आत जायला बॅज लागतो, पण शनिवारी दुपारची शोभायात्रा बाहेर रस्त्यावर येते, ती बघायला तिकीट नाही. पोशाखातला प्राणी बोलला नाही तर तो उद्धट नव्हे, तशी पद्धत आहे. मिठी मारायची असेल तर आधी हात पसरून विचारा, तो मान हलवेल. फोटोलाही विचारा. शेपटीला हात लावू नका, ती बहुधा नाजूक टाक्यांवर असते.